कोकणात रॅम्प बांधताय? आधी गटार बघा, मग पाऊस बघा

दिव्यांगांसाठी सोय करायची म्हटलं की आमच्याकडे काय होतं माहितीय ना, ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांच्या बाजूला एक सिमेंटचा उतार ओततात, भिंतीवर व्हीलचेअरचं निळं चित्र रंगवतात, फोटो काढून वर पाठवतात आणि विषय संपला. जुलैत त्या उतारावर असं शेवाळ धरतं की धडधाकट माणूससुद्धा तिकडून पाय टाकत नाही, आणि उन्हाळ्यात तिथे दोन बाईक लावलेल्या असतात. मतदान केंद्र म्हणून शाळांना रॅम्प आले ते त्यातल्या त्यात बरं झालं, पण त्यातलेही बरेच असे चढे की मागून दोघांनी ढकलल्याशिवाय खुर्ची वर जात नाही.

आणि मग मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतोच, "हंय व्हीलचेअरवालो कोण येता खंय?" येत नाही कारण येता येत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग मोजले गेले, आणि त्यात गुडघे गेलेली आजी, पाय प्लॅस्टरमध्ये असलेला आंबेवाला, पोटुशी बाई हे धरलेलेच नाहीत. गावात आज निम्म्या घरांत म्हातारी माणसंच राहिलीत, पोरं मुंबईला, तेव्हा हे काम नक्की कोणासाठी हा प्रश्नच पडायला नको.

खाली लिहिलेलं सगळं ग्रामपंचायत, देऊळ, एसटी स्टँड, जेटी, किनारा असल्या जागांसाठी आहे. मापं सरकारी मार्गदर्शक सूचनांवरून घेतलीत पण फूट-इंचात सांगतोय, कारण गवंड्याला तीच कळतात.

आधी फिरून बघा, इस्टिमेट नंतर

इंजिनिअरला बोलवायच्या आधी गावातल्या तीन-चार जणांना बोलवा. एक तीनचाकी सायकल किंवा व्हीलचेअर वापरणारा, एक कुबड्यांवाला, एक कमी दिसणारा किंवा पांढरी काठी घेणारा, जमलं तर एक ऐकू न येणारा. त्यांना गाडी थांबते तिथपासून सुरुवात करायला सांगा आणि कामाच्या टेबलापर्यंत, मग संडासापर्यंत आणि परत बाहेर जायला सांगा. तुम्ही फक्त मागून चालायचं, हात द्यायचा नाही (पडायची पाळी आली तर द्यायचा, उगाच तत्त्व म्हणून बघत बसू नका). जिथे अडतात तिथे खडूने फुली मारा आणि मोबाईलवर फोटो काढा. पहिल्यांदा उन्हाळ्यात आणि एकदा भर पावसात असं दोन्ही वेळा केलंत तर उत्तम, कारण मे महिन्यातला रस्ता आणि जुलैतला रस्ता हे कोकणात दोन वेगळे रस्ते असतात.

सोबत टेप, चार फुटी सरळ पट्टी आणि लेव्हल घ्या. असलेला रॅम्प तपासायची सोपी पद्धत अशी, पट्टीचं एक टोक रॅम्पच्या वरच्या बाजूला टेकवा, लेव्हलने पट्टी आडवी सरळ धरा आणि खालच्या टोकाखाली किती फट राहते ते मोजा. चार इंचापर्यंत असेल तर पास, पाच-सहा असेल तर रॅम्प चढा आहे. मोबाईलच्या लेव्हल ॲपवर पाच अंशाच्या आतच आकडा दिसला पाहिजे.

पहिला अडथळा बहुतेक वेळा गटार असतं

लोक पायऱ्यांकडे बघतात आणि रस्ता नि आवार यांच्यामधलं गटार विसरतात. आपल्याकडे पाऊसच इतका की गटाराशिवाय चालत नाही, पण त्याच्यावर दोन फरश्या टाकलेल्या असतात, एक हलते, दुसरी फुटलेली. तिथे किमान चार फूट रुंद पक्का स्लॅब टाका, दोन्ही बाजूंना तीन-चार इंचाची कड ठेवा म्हणजे चाक घसरणार नाही. लोखंडी जाळी टाकायची असेल तर फटी अर्ध्या इंचापेक्षा मोठ्या नकोत, आणि फटी चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात, उभ्या ठेवल्या तर खुर्चीचं पुढचं छोटं चाक आणि काठीचं टोक बरोबर आत जातं. गेटमध्ये गुरं आत येऊ नयेत म्हणून पाईप टाकून खड्डा केलेला असतो, त्याच्या बाजूने तीन फुटाचं वेगळं फाटक काढा. गुरं येतील ही भीती खरी आहे, फाटकाला स्प्रिंग लावा म्हणजे आपोआप मिटेल.

मग गेटपासून दारापर्यंतची वाट. खडी, वाळू, रिकाम्या जागा सोडून बसवलेले चिरे यांच्यावरून खुर्ची जात नाही. चार-पाच फुटाचा एकच पट्टा सपाट केलात तरी चालतं, अख्खं आवार काँक्रीट करून झाडांची मुळं गुदमरवू नका.

गाडी लावायला दाराच्या सगळ्यात जवळची जागा राखायची. चारचाकीसाठी बारा फूट रुंदी लागते, दार पूर्ण उघडून बाजूला खुर्ची काढावी लागते ना. पण आपल्या गावांत जास्त करून बाजूला चाकं लावलेली स्कूटर येते, तिला वळायला जागा ठेवा.

रॅम्प: इंचाला फूट

एवढं एक लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल. एक इंच उंची चढायची तर एक फूट लांबीचा उतार. सहा इंचाची एक पायरी असेल तर सहा फूट, तीन पायऱ्या असतील तर अठरा फूट. गवंडी म्हणतो "एवढा लांब कशाला, दहा फुटात बसवतो", त्याला बसवू देऊ नका, तो उतार मग कायमचा बाईकसाठीच राहतो.

आता कोकणातली अडचण. पावसामुळे आपली जोती उंच, तीन फुटाचं जोतं अगदी सर्रास असतं. म्हणजे छत्तीस फूट उतार, शिवाय साधारण तीस फुटांच्या आत एक सपाट टप्पा द्यावाच लागतो, वर आणि खाली पाच बाय पाच फुटाची सपाट जागा वेगळी. समोर एवढी जागा नसते. मग काय करायचं?

इमारतीभोवती फिरा. आपल्याकडे घरं डोंगर-उतारावर असतात, पुढून पाच पायऱ्या चढाव्या लागतात आणि मागचा वरचा रस्ता जवळजवळ जोत्याच्या लेव्हलला असतो, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता पहिल्यांदा मागेच जातो. तिथून दार काढलं तर छत्तीस फुटाच्या जागी सहा फुटात काम होतं. फक्त ते दार कार्यालयाच्या वेळेत उघडं असलं पाहिजे आणि बाकीचे लोकही तिथूनच येत-जात असले पाहिजेत, नाहीतर वर्षभरात तिथे खुर्च्या आणि जुने बॅनर रचले जातात.

मागूनही जमत नसेल तर उतार भिंतीला लागून वळवून घ्या, किंवा आवारातच माती भरून लेव्हल वर आणा. दोन्ही शक्य नसेल तर काम खाली आणा, तळमजल्यावर एक टेबल, तिथेच दाखले, तिथेच घरपट्टी. छोटी प्लॅटफॉर्म लिफ्ट हा शेवटचा पर्याय, कारण पावसाळ्यात लाईट किती वेळ असते ते आपल्याला माहितीय आणि खारट हवेत मशीन टिकवायचं तर देखभालीचा करार हवाच, तो करणारा माणूस तालुक्यात मिळतो का ते आधी विचारा.

रुंदी किमान चार फूट, पण तीनचाकी सायकल येत असेल तर पाच ठेवा आणि वळणावर सढळ जागा सोडा. बाजूला भिंत नसेल तिथे खाली तीन-चार इंचाची कड. दार रॅम्पच्या अंगावर उघडणारं नको, चढावर थांबून एका हाताने ब्रेक धरायचा नि दुसऱ्याने दार ओढायचं हे कोणालाच जमत नाही.

कठडा दोन्ही बाजूंना, दोन उंचींवर, अडीच फूट आणि तीन फूट. पाईप मुठीत मावेल असा दीड-पावणेदोन इंच जाडीचा, भिंतीपासून दोन इंच सुटा, आणि रॅम्प संपल्यावर अजून एक फूट पुढे गेलेला, म्हणजे न दिसणाऱ्यालाही उतार संपला हे हाताला कळतं. आता पाईप कुठला घ्यायचा यावर भांडा, इथे भांडणं वसूल होतं. साधा लोखंडी पाईप रंगवून लावला की समुद्राजवळ दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात आणि हाताला लागतात. स्टेनलेस घ्यायचा तर किनाऱ्यालगत ३१६ ग्रेड मागा, ३०४ स्वस्त पडतो पण खाऱ्या वाऱ्याला त्याच्यावर तांबूस डाग धरतात. बजेट नसेल तर गरम झिंकाचा जाड मुलामा दिलेला गॅल्व्हनाइज्ड पाईप चालेल. नटबोल्टही त्याच जातीचे लावा, ठेकेदार पाईप चांगला देतो आणि बोल्ट साधे मारतो, मग गंज तिथूनच सुरू.

पृष्ठभाग आणि पाऊस

खरं काम इथे आहे. उतार एकदम मापात, कठडा झकास, आणि वरून गुळगुळीत टाईल, असं असेल तर तो रॅम्प जूनपासून ऑक्टोबरपर्यंत बंदच समजा. चकचकीत व्हिट्रिफाइड, पॉलिश केलेला ग्रॅनाइट, संगमरवर यातलं काहीच उतारावर नको. जांभा दिसायला सुंदर, पण सावलीत ओला राहिला की त्याच्यावर हिरवा थर बसतो आणि बर्फासारखा घसरतो. सगळ्यात स्वस्त नि भरवशाचं म्हणजे साधं काँक्रीट, ओलं असतानाच त्याच्यावर आडवे झाडूचे ओरखडे मारायचे. खोल चर नकोत, त्यात पाणी आणि माती साठून शेवाळ लवकर धरतं, शिवाय खुर्ची खडखडत जाते.

वर पत्र्याची शेड टाका, आणि टाकताना पन्हळ लावा. पन्हळ नसेल तर पागोळ्या नेमक्या रॅम्पच्या कडेला पडतात, तिथे ओली पट्टी तयार होते आणि कठडा धरून चालणारा माणूस बरोबर त्याच पट्टीवरून चालत असतो. शेड किमान सात फूट उंच हवी, पावसाची झड येते म्हणून छप्पर खाली ओढायची आपली सवय आहे आणि न दिसणाऱ्याचं डोकं त्या वाशावर आपटतं. काठी जमिनीवरचं सांगते, डोक्यावरचं नाही. विजेच्या खांबाची तिरकी ताणाची तार वाटेत येत असेल तर तिलाही पिवळा पाईप घाला.

पावसाच्या आधी एकदा आणि पावसात दर पंधरा दिवसांनी ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासायचं, मग भरपूर पाण्याने धुवायचं. हे कोण करणार त्याचं नाव मे महिन्याच्या मीटिंगमध्येच लिहून घ्या.

दाराच्या आत

दार तीन फूट मोकळं, म्हणजे चौकट सोडून उघडल्यावर मिळणारी जागा तीन फूट. उंबरठा अर्ध्या इंचापर्यंत आणि तोही तिरपा करून. ज्या टेबलावर सही करायची त्याचा एक भाग अडीच फूट उंचीचा आणि खाली गुडघे जातील असा मोकळा. नळ, स्विच, पाण्याचा पेला बसून हाताला लागेल अशा उंचीला. हे सगळं सुताराचं दोन दिवसांचं काम आहे, फार डोकं लावू नका.

संडासाला मात्र लावा. आतून साधारण सात बाय साडेसहा फूट जागा हवी, म्हणजे मधे पाच फुटाच्या वर्तुळात खुर्ची फिरते. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं, कारण माणूस आत पडला तर आत उघडणारं दार त्याच्या अंगावरच अडतं. कमोडची उंची अठरा-एकोणीस इंच, एका बाजूला भिंतीला पक्का बार, दुसऱ्या बाजूला वर उचलता येणारा बार, आणि बार भिंतीत असा रोवलेला की माणसाचं पूर्ण वजन पेलेल. चिऱ्याच्या भिंतीत नुसता प्लास्टिकचा प्लग मारून बार लावला तर तो पहिल्याच जोराला उपटून येतो, तिथे काँक्रीटचा ठोकळा भरा किंवा आरपार बोल्ट घ्या. घंटीची दोरी जमिनीपर्यंत लोंबती ठेवा. मधे उंच कट्टा करून ओली-सुकी बाजू वेगळी करायची फॅशन इथे नको. आणि कुलूप! चावी शिपायाकडे, शिपाई बाजारात, आत जत्रेचे मांडव-बांबू, ही अवस्था बघितली नाही असा तालुका नसेल.

बघण्याचं आणि ऐकण्याचं

पायरीच्या कडेला दोन इंचाची पिवळी किंवा पांढरी पट्टी, प्रत्येक पायरीला. एक फुटी ठिपक्यांची टाईल म्हणजे थांब, पुढे पायरी किंवा धोका आहे, आणि लांब उंचवट्यांची टाईल म्हणजे या दिशेने चाल. ही टाईल शोभेला लावायची वस्तू नाही, ठेकेदाराने रांग नेऊन थेट खांबात घुसवली असेल तर ती काढून टाकलेली बरी.

ऐकू न येणाऱ्यांसाठी फलक. ग्रामसभेचा विषय, एसटी रद्द झाली, वारा सुटल्यामुळे बोट बंद, हे भोंग्यावर सांगून त्यांना कळत नाही, मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहा आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. गर्दीने आणि ढोल-ताशाने बिथरणारी मुलं असतात, शिमग्यात पालखी नाचते तेव्हा देवळाची एक पडवी दोरी बांधून शांत ठेवली तर ते घरही उत्सवाला येऊ शकतं.

देऊळ आणि पाखाडी

इथे नुसतं बांधकाम नाही, माणसंही सांभाळायची असतात. उंबरठा फोडायचा विषय काढलात तर गावकी तुटेल, गरजही नाही, लाकडी किंवा ॲल्युमिनियमचा सुटा उतार दोन्ही बाजूंनी टेकवता येतो. चाकं आत कशी न्यायची हा आक्षेप हमखास येतो. त्याला दोन उत्तरं आहेत, एक तर देवळाची स्वतःची व्हीलचेअर सभामंडपात ठेवायची, नाहीतर दारात ओल्या फडक्याने चाकं पुसायची. कॅलिपरचे (पायाला आधार देणाऱ्या पट्ट्यांचे) बूट आणि कृत्रिम पाय चपलेसारखे काढता येत नाहीत, त्यांना कापडी पिशवी चढवायला द्या. हे सगळं गुरव, मानकरी यांच्याशी जत्रेच्या आधी बसून ठरवा, जत्रेच्या दिवशी दारात वाद नको.

पाखाडीचा, म्हणजे चढणीवरच्या पायऱ्यांच्या वाटेचा, रॅम्प होत नाही, नादाला लागू नका. पाखाडीला एका बाजूने सलग कठडा, सगळ्या पायऱ्या एकाच उंचीच्या, सहा इंचाच्या आसपास, दर दहा-बारा पायऱ्यांनी टप्पा आणि तिथे टेकायला चिऱ्याचा कट्टा, एवढं केलं की कुबड्यावाले आणि म्हातारे निम्मे सुखी होतात. व्हीलचेअरसाठी वरून गाडीरस्ता काढता येतो का ते बघा.

स्टँड, जेटी, किनारा

एसटीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, पण पहिली पायरीच मांडीपर्यंत उंच, मग सवलत घेऊन करायचं काय. उंच बसला गावपातळीवर फार काही करता येत नाही हे खरं, पण गाडी फलाटाला चिकटून लावली तर पायरी बरीच कमी होते, आणि त्यासाठी फलाटासमोरचे खड्डे नि उभ्या रिक्षा हटवाव्या लागतात. आगारप्रमुखाला लेखी द्या.

जेटीवर भरती-ओहोटीचा खेळ असतो. पक्क्या पायऱ्यांची जेटी ओहोटीला खाली शेवाळलेली आणि बोट वर-खाली हलणारी, तिथे दोन खलाशी उचलून घेतात, माणसाला ते अजिबात आवडत नाही. उपाय म्हणजे तरंगता धक्का आणि त्याला जोडलेला पूल. पूल जितका लांब तितका ओहोटीला त्याचा उतार सौम्य, हे डिझाइनच्या वेळीच सांगा. दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ, आगरदांडा–दिघी या फेरीबोटी त्या मानाने बऱ्या, फळी खाली पडते आणि गाड्यांसारखी खुर्चीही आत जाते. फक्त गाड्या चढायच्या आधी व्हीलचेअर आत घ्यायची, आणि उताराचा धक्का रोज घासायचा.

किनाऱ्यासाठी चेन्नईचं उदाहरण बघा. मरिना बीचवर २७ नोव्हेंबर २०२२ ला २६३ मीटरचा लाकडी मार्ग सुरू केला, व्हीलचेअरवरून लोक पाण्याजवळ गेले, आणि पंधरवड्याच्या आत मॅन्डूस वादळात त्याचा पुढचा भाग मोडला. नंतर दुरुस्त केला, पण आपण आधीच शहाणं व्हायचं. आपल्याकडे निसर्ग, तौक्ते होऊन गेलीत. गुंडाळता येणाऱ्या चटया किंवा सुट्या फळ्यांचा मार्ग करा, मे संपताना उचलून ठेवा, सोबत फुगीर टायरची एखादी खुर्ची. पक्कं बांधकाम काढाल तर सीआरझेडची (किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांची) परवानगी लागेल आणि ते प्रकरण लांबतं.

पैसे आणि कागद

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. असलेल्या सार्वजनिक इमारती सुगम करायला त्यात नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती, नियम १५ जून २०१७ ला आले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. नवीन इमारतीचा नकाशा नियमांत बसत नसेल तर बांधकाम परवानगीच देता येत नाही. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही मानकं नुसत्या सूचना म्हणून ठेवता येणार नाहीत, सक्तीचे नियम करा. कायदा मोडला तर पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत दंड, पुढच्या वेळी पन्नास हजार ते पाच लाख. हे सरपंचांना धमकी म्हणून नका सांगू, इस्टिमेटला जोडायचं कारण म्हणून सांगा, त्यांनाही वरती काहीतरी दाखवावं लागतं.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. माझं मत असं की रॅम्प त्यातून बांधू नये. रॅम्प इमारतीचा भाग आहे, तो इमारत दुरुस्तीतून किंवा वित्त आयोगाच्या पैशातून करा, ५ टक्के माणसांच्या हातात जाऊ देत. काम गावाच्या विकास आराखड्यात घालायचं असेल तर आराखडा ठरतो त्या ग्रामसभेत विषय मांडा, ठरावात मापं लिहून घ्या, "रॅम्प बांधणे" एवढंच लिहिलं तर दहा फुटाचाच होतो. अर्जाची पोच घ्या. हललं नाही तर पंचायत समितीकडे, मग पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार, सोबत तेच खडूच्या फुल्यांचे फोटो.

आणि ठेकेदाराचं शेवटचं बिल काढायच्या आधी गावातल्या तीनचाकीवाल्याला एकट्याने वर जाऊन खाली यायला लावा, ओल्या रॅम्पवर. उन्हाळा असेल तर चार बादल्या पाणी ओता.